दुखावल्या मनाची कैफियत

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास त्या येत. चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला पाठ टेकून बसत, आणि माझ्या पत्नीपुढच्या सुपातून भुईमुगाच्या शेंगांची एक ओंजळ आपल्या पदरात ओढून घेऊन, काही न बोलता फोडू लागत. मिरजेच्या मिशन इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेऊन, आयुष्यभर रुग्णांच्या उशाशी जागून, निवृत्तीनंतर कोल्हापुरात आमच्याच गल्लीत राहावयास आलेल्या या वृद्ध बाईंना लहानथोर सगळे सिस्टरबाई म्हणत. त्या आमच्याच मंडळीच्या सभासद होत्या, आणि रविवारच्या उपासनेत मागच्या बाकावर बसून चष्मा पुसत पुसत गीते म्हणणारी त्यांची मूर्ती माझ्या परिचयाची होती. परंतु त्यांच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलण्याचा प्रसंग मला कधी आला नव्हता. आमचा थोरला मुलगा कागलच्या अलीकडे महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला त्या वेळी दीड महिना झाला होता.

पहिले पाच गुरुवार असेच गेले. टरफले फुटण्याचा आवाज तेवढा येत राही. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पुढे धरून बसे आणि मनात म्हणे, या बाई दोन शब्द समजुतीचे सांगतील तर बरे. त्यांनी ते सांगितले नाहीत. सहाव्या गुरुवारी पत्नी आपण होऊन बोलली. देवाचे किंवा परलोकाचे नाव तिच्या तोंडी आले नाही. त्या शेवटल्या सकाळी मुलाने निघता निघता आणखी एक कप चहा मागितला होता आणि दूध कमी आहे म्हणून आपण तो दिला नाही, एवढेच सांगून ती गप्प झाली. इतके दिवस एका छपराखाली राहूनही ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ‘त्यात तुमचा काय दोष?’ असे कोणीही सुज्ञ मनुष्य अशा वेळी म्हणाला असता; मी तर खासच म्हणालो असतो. सिस्टरबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारले, “त्याचा कप कुठला?” पत्नी उठली, फळीवरून निळ्या काठाचा एक कप काढून घेऊन आली, तो दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवला, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

याच्या अगोदरची एक हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमच्या एका हितचिंतकाने, अगदी निर्मळ हेतूने, आम्हा उभयतांना एका चंगाई सभेस नेले होते. मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, गर्दी होती. उपदेशकाने आमची हकीकत कोणाकडून तरी अगोदरच जाणून घेतली होती, आणि शेकडो लोकांसमक्ष त्याने माझ्या पत्नीला उभे करून सांगितले की, शोक उराशी धरून बसणे हा अविश्वास होय, आणि तो आज, या क्षणी, इथे टाकून दिला तरच प्रभू बरे करील. ती उभी राहिली आणि त्याने म्हणावयास सांगितलेले शब्द तिने म्हटले. घरी आल्यावर मात्र ती कित्येक दिवस कोणाशीच बोलेना. त्या उपदेशकाविषयी माझ्या मनात आज राग उरलेला नाही. परंतु एका दुःखी बाईवर त्या रात्री आणखी एक आरोप ठेवला गेला होता, आणि त्याचा भार मूळ दुःखाहून कमी नव्हता, हे मी विसरू शकत नाही.

‘चंगाई’ हा शब्द आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत फार चालतो. ताप उतरला तरी चंगाई, दारू सुटली तरी चंगाई, आणि मनावरचे मळभ गेले तरीही चंगाईच. शब्द चांगला आहे, आणि ख्रिस्ताने आंधळ्या-पांगळ्यांना बरे केल्याच्या कथा ज्या शुभवर्तमानात पानोपानी आहेत त्यावर श्रद्धा ठेवणाऱ्याने या शब्दाचा संकोच बाळगण्याचेही कारण नाही. माझी तक्रार आहे ती त्याला चिकटलेल्या घाईविषयी. शरीराचा व्रण भरून यावयास मुदत लागते हे कोणीही कबूल करतो, पण मनाच्या व्रणाला मात्र आपण एका सभेची, एका प्रार्थनेची, फार तर एका उपासाची मुदत घालून देतो, आणि तेवढ्यात तो भरला नाही तर रुग्णाच्याच श्रद्धेचा दाखला मागतो. ख्रिस्ती श्रद्धेत दुखावलेले मन बरे करण्याचे सामर्थ्य आहे, याविषयी मला स्वानुभवाने संशय उरलेला नाही. आणि ते सामर्थ्य त्या मनाची कैफियत मुदत न घालता, निवाडा न देता ऐकून घेण्यात आहे, असे या लेखात मला म्हणावयाचे आहे.

कैफियत हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. आपल्या जुन्या दप्तरांत गावाची, वतनाची, घराण्याची कैफियत लिहून घेतली जाई, आणि ज्याची कैफियत त्याने ती आपल्या तोंडाने सांगावी असा रिवाज असे. बायबलच्या जुन्या करारात हा रिवाज ईश्वराच्या दरबारातही चालतो. दीडशे स्तोत्रांचा जो संग्रह आमच्या उपासनेत नित्य वाचला जातो त्याचा फार मोठा हिस्सा विलापाचा आहे. देवा, तू कोठे आहेस, किती काळ तोंड लपविणार, असे रोखठोक प्रश्न करणारे ते भक्त आहेत, आणि त्या प्रश्नांना पाखंड ठरवून कोणी ग्रंथातून काढून टाकलेले नाही. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण विठ्ठलाशी कडाकडा भांडणारे नामदेव-तुकाराम आणि त्याला चार शब्द सुनावणारी जनाबाई त्याच्या कानांवर लहानपणापासून आहेत. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, त्याचा एक अर्थ मला असाही वाटतो की, देवापाशी गाऱ्हाणे मांडण्याची मुभा त्यांना दोन्ही तीरांवर सारखीच आढळली असावी.

एलीया नावाच्या संदेष्ट्याची कथा तर मी आमच्या प्रत्येक पाळकाला पुन्हा एकदा वाचावयास सांगेन. राणीच्या भयाने रानात पळालेला, सर्वस्वी हताश झालेला हा पुरुष एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवतो, आणि त्याला खाऊ घालून पुन्हा झोपू देतो. थोड्या वेळाने पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. पुढे देवाची वाणी त्याला ऐकू येते ती चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, आणि तेव्हाही ती वाणी प्रथम विचारते की, तू येथे काय करतो आहेस. म्हणजे त्याचीच कैफियत मागते. ईयोबाच्या मित्रांचेही तसेच आहे. मुलेबाळे, गुरेढोरे, आरोग्य, सगळे गमावून राखेत बसलेल्या त्या मनुष्याजवळ ते सात दिवस व सात रात्री जमिनीवर निःशब्द बसून राहिले, तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र जगात नव्हते. त्यांनी तोंड उघडले आणि तुझ्याच पापाचे हे फळ असले पाहिजे असा युक्तिवाद सुरू केला, तेव्हा ते चुकले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने दोष दिला तो त्यांनाच.

तथापि शास्त्राधाराने जे सिद्ध होते त्याहून अधिक खात्री मला आपल्याच भाषेतील एका बाईच्या जबानीने पटते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून तिचा लौकिक आहे. तिच्यातील विनोद, तिचा सरळपणा, तिची शैली यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हे पुस्तक उघडते ते एका दुखावलेल्या मनाच्या चित्राने, याकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, 1857 च्या धामधुमीनंतर फाशी झाली. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाची घडीच विसकटली, आणि त्यांना सोवळ्याचे असे वेड लागले की मिठासारखा पाण्यात विरघळणारा जिन्नसही धुऊन घेतल्यावाचून घरात येऊ नये. त्या धुण्याचा, त्या शिवाशिवीचा जाच घरातल्या सर्वांना भोगावा लागला. लहानपणी मी हा भाग वाचून हसलो होतो. मुलगा गेल्यावर पुन्हा वाचला तेव्हा मला त्यात एक मनुष्य दिसला, ज्याने पाहू नये ते पाहिले आहे, ज्याची कैफियत कोणी कधी विचारली नाही, आणि म्हणून जो आयुष्यभर पाणी ओतीत राहिला.

अशा घरातून ती मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची पत्नी होऊन त्यांच्या घरी आली. पती विलक्षण प्रतिभेचा, तितकाच लहरी, कधी कोठे निघून जाईल याचा नेम नसणारा. पोटची मुले दगावलेली. आणि त्यावर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण गृहस्थाच्या पत्नीला या घटनेने काय झाले असेल, हे आज नुसत्या कल्पनेने समजणे कठीण आहे. पती जिवंत असून ती परित्यक्ता झाली. सोयऱ्याधायऱ्यांची सहानुभूती तिला होती, परंतु त्या सहानुभूतीतही एक निवाडा होता. भ्रमिष्ट होण्याच्या काठापर्यंत ती जाऊन आली. येथे मला माझ्या धर्मबांधवांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: लक्ष्मीबाईंची ही जखम ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारातूनच झालेली होती. पतीला ज्या श्रद्धेने शांती दिली तिनेच पत्नीचा संसार उधळला, आणि एका मनाच्या आरोग्यासाठी दुसऱ्या मनाने मोल दिले. ‘स्मृतिचित्रे’ हा भाग लपवीत नाहीत. आम्ही मात्र टिळक दांपत्याचे पुण्यस्मरण करताना तो चटकन ओलांडून पुढे जातो.

मग ती बरी कशी झाली? हळूहळू, एवढेच याचे उत्तर आहे. विरहाच्या त्या वर्षांत तिने आपले दुःख ओबडधोबड कवितेत सांगण्यास आरंभ केला. पुढे ती मुलाला घेऊन नगर जिल्ह्यात टिळकांकडे आली तेव्हाही तिने आपले सोवळे, आपली निराळी चूल, आपले पाणी वेगळे ठेवले होते, आणि टिळकांनी, ज्यांची लहर एरवी कोणाला आवरत नसे त्यांनी, या बाबतीत तिच्यावर तगादा लावला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच्या मनाशी स्वतः सोडविला. आणि ज्या दिवशी तो सुटला त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यावयास ती मोकळी झाली. बापाच्या सोवळ्यापासून सुरू झालेली एक पिढीजात जखम तेथे बंद झाली, असे मी समजतो. 1900 साली तिने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी. पुढे 1919 साली टिळक वारले आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले, तेव्हा शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या बाईने ते पुरे केले. ज्या ख्रिस्ताच्या नावाने तिचा संसार मोडला होता त्याचेच चरित्र तिने आपल्या हाताने लिहून संपविले, आणि आयुष्याच्या अखेरीस मागे वळून सगळ्या दुःखांची कथा सांगताना तिच्या लेखणीत कडूपणाचा लवलेश उरला नाही. ही चंगाई मला मान्य आहे. तिला पाच वर्षे लागली, आणि एका अर्थी चाळीस.

पंडिता रमाबाईंची कथा सर्वश्रुत असल्याने ती विस्ताराने सांगत नाही. तिच्यातील एकाच कालगणनेकडे बोट दाखवितो. दुष्काळात आईबाप आणि बहीण डोळ्यांदेखत गेली, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. येथे कथा संपावी असे कोणाही उपदेशकाला वाटेल. रमाबाईंनी स्वतः मात्र पुढे लिहून ठेवले आहे की, धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त आपणास तेव्हा गवसला नव्हता. ती शांती त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली. एवढ्या प्रकांड पंडितेला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली, तर आमच्या मंडळीतल्या एखाद्या विधवेला आठ महिने लागले म्हणून तिच्या विश्वासाची झडती कोणी घ्यावी? केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळाने आणि समाजाने टाकून दिलेल्या शेकडो मुलीबाळींना आणले, तेव्हा त्यांच्यासाठी प्रथम अन्नवस्त्राची, मग शिक्षणाची आणि हाताला कामाची तजवीज केली. एलीयाच्या उशाशी भाकर ठेवणाऱ्या देवदूताची रीत या बाईंना बरोबर कळली होती.

आमच्या कोल्हापूरला धर्माने दिलेल्या जखमा नवीन नाहीत. 1899 सालच्या कार्तिकात पंचगंगेच्या काठी प्रत्यक्ष छत्रपती शाहू महाराजांना, आपणांसाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत, हे कळून आले, आणि तो अपमान त्यांच्या पुढील साऱ्या कार्याच्या मुळाशी राहिला. राजाला जे एका पहाटे भोगावे लागले ते या मुलुखातील महार-मांगांना पिढ्यानपिढ्या, दिवसाच्या प्रत्येक प्रहरी भोगावे लागत होते. 1852 साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, आणि न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांचे नाव वागवीत उभे आहे. पुढच्या काळात पन्हाळा तालुक्यातील कोडोलीपर्यंत आणि तिकडे मिरज-सांगलीपर्यंत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांत या उपेक्षित घरांतून आलेली माणसे पुष्कळ होती; माझे आजोबा त्यांतलेच. आपणांस अक्षर कोणी शिकविले हे ते क्वचित सांगत, परंतु प्रभुभोजनाच्या वेळी एकाच पेल्यातून सर्वांनी प्याले, आणि आपल्यानंतर तो पेला कोणी धुतला नाही, ही गोष्ट त्यांनी आम्हा नातवंडांना इतक्या वेळा सांगितली की ती मला माझीच आठवण वाटते. मनाचा व्रण भरणे म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. आणि म्हणूनच, आमच्या मंडळ्यांतही सोयरीक जुळविताना मूळ जात हळूच विचारली जाते हे पाहिले की मला लाज वाटते.

औषधाविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण त्यापायी माणसे दगावतात. उदासीनतेचा आजार, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे, यांवर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे, असे अजूनही कानाआड कुजबुजले जाते. असे बोलणाऱ्यांनी मिरजेला जाऊन यावे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली तेथे मिशन इस्पितळ उघडले, 1897 साली वैद्यकीय शिक्षणाची शाळा काढली, आणि क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामाच्या परिसराला आजही वानलेसवाडी हेच नाव आहे. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याचा त्यांचा परिपाठ होता. प्रार्थना झाली की ते शस्त्र हाती घेत. प्रार्थनेने मोतीबिंदू विरघळेल म्हणून त्यांनी रुग्णाला घरी पाठविले नाही, आणि शस्त्र हाती आहे म्हणून प्रार्थना सोडली नाही. डोळ्याच्या बाबतीत जी रीत आम्ही सव्वाशे वर्षांपूर्वी निमूटपणे स्वीकारली ती मनाच्या बाबतीत स्वीकारण्यास एवढा विलंब का व्हावा? माझ्या पत्नीला चार महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. डॉक्टरांकडे घेऊन जाण्याचा आग्रह सिस्टरबाईंनीच धरला होता, आणि प्रार्थनेसाठी गुडघे टेकणाऱ्यांतही त्याच पहिल्या होत्या. ज्यांना अशी सिस्टरबाई लाभलेली नाही त्यांच्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा 2022 सालापासून सुरू आहे; तिचा क्रमांक 14416 असा आहे, आणि तो आमच्या प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर उपासनेच्या वेळेखाली लिहिला जावा असे मला मनापासून वाटते.

क्षमेविषयीही आम्ही अशीच घाई करतो. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला, फसवल्या गेलेल्या भावाला, एवढेच काय पण मंडळीतल्याच वडीलधाऱ्याकडून दुखावल्या गेलेल्या मुलीलासुद्धा, पहिल्याच भेटीत ‘प्रभूने क्षमा करावयास सांगितले आहे’ असे ऐकविले जाते. सांगितले आहे, यात शंका नाही. परंतु ज्याची फिर्यादच अजून ऐकली गेली नाही त्याच्याकडून माफीनामा लिहून घेणे, ही कोणत्याही दरबारात जुलूम ठरेल अशी गोष्ट आहे, आणि देवाच्या घरात ती होऊ नये. मारणाऱ्यापासून त्या बाईला प्रथम आसरा मिळावा, गुन्हा असेल तर त्याची नोंद पोलिसांत व्हावी. क्षमा तिची ती, आपल्या वेळेला, देईल.

शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतरचा एक प्रसंग आहे. थोमा नावाच्या शिष्याला विश्वास बसेना, तेव्हा ख्रिस्ताने त्याच्यापुढे आपले हात धरले, आणि त्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. मृत्यूवर ज्याने जय मिळविला त्याला आपल्या हातांवरचे व्रण नाहीसे करता आले नसते काय? मी अनेक वर्षे हा भाग वाचला, त्यावर प्रवचनेही ऐकली, पण तो समजला तो आमच्या घरात. निळ्या काठाचा कप अजून फळीवर आहे. कोणी तो उचलून दृष्टीआड ठेवलेला नाही; मात्र सणासुदीला भांडी उतरवली जातात तेव्हा माझी पत्नी तो घासून, पुसून, पुन्हा जागच्या जागी ठेवते, आणि ते करताना तिच्या तोंडून एखाद्या गीताची ओळ गुणगुणली जाते.

सिस्टरबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या दफनाच्या वेळी मी पाहिले की आमच्यासारखी कितीतरी घरे तेथे हजर होती, त्यांत मंडळीतली थोडी आणि मंडळीबाहेरची बरीच. आणि प्रत्येक घराचा आठवड्यातला एक वार ठरलेला होता. एका बाईने निवृत्तिवेतनावर, कोणालाही न सांगता, चालविलेले हे काम यापुढे मंडळ्यांनी अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी मांडव नको, ध्वनिक्षेपक नको. आठवड्यातून एका ठरलेल्या दुपारी दोन तास, ऐकून घेण्याचे थोडे शिक्षण घेतलेली दोन माणसे, त्यांत एक तरी स्त्री. जे ऐकले ते बाहेर न जाण्याची खातरजमा. कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा हे न विचारण्याचा नियम. बाप्तिस्म्याचा विषय कोणापुढेही न काढण्याचा कडक निर्बंध, कारण दुःखी माणसाच्या दुर्बल घडीचा लाभ घेणे हे पाप आहे. आणि गरज दिसताच डॉक्टरांकडे सोबत जाण्याची तयारी.

आमच्या देवळाच्या मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. नाताळचे तारे, मोडकी बाके, फुटका बाजा असे सामान तेथे भरून ठेवलेले असते. तिला रस्त्याकडून वेगळे दार आहे, त्यामुळे येणाऱ्याला सर्वांदेखत अंगण ओलांडावे लागणार नाही. खिडकी पूर्वेला आहे, आणि दुपारी तिथे सावली असते. बाके हलविली तर तीन खुर्च्या सहज मावतील. किल्ली मंडळीच्या चिटणिसांकडे असते, आणि ती मी गेल्या रविवारी मागून ठेवली आहे.